नाशिकमध्ये उन्हाळी सुट्टीत काम मिळवायचे असेल तर

मार्च उजाडला, की माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांचा, आणि त्याहून अधिक त्यांच्या पालकांचा, एक प्रश्न ठरलेला असतो : महापालिकेत सुट्टीपुरते काही काम मिळेल का? कोणाचा तरी मामा किंवा आत्या अमेरिकेत असते आणि तिकडे शहराची पालिकाच मुलांना उन्हाळ्यात कामाला लावते व त्याचे पैसेही देते, हे घरात बोलले गेलेले असते. ते खरेच आहे. न्यूयॉर्क शहरात १४ ते २४ वर्षे वयोगटासाठी अशी योजना १९६३ पासून चालू आहे. मुलांना साधारण सहा आठवडे काम मिळते आणि जागांपेक्षा अर्ज फार येत असल्यामुळे बहुतेकांची निवड सोडतीने होते. नाशिकमध्ये मात्र अशी एकच खिडकी शोधत फिरू नये. येथे राज्य शासनाची एक योजना, केंद्राची दुसरी, विद्यापीठाची तिसरी, आणि त्यांच्या जोडीला चैत्रापासून ज्येष्ठापर्यंत चालणारे उत्सव, व्याख्याने, शिबिरे, प्रदर्शने व लग्नसराई असे सुट्टीतले काम ठिकठिकाणी विखुरलेले आहे. वय किती, शिक्षण चालू आहे की संपले, आणि हाती नेमके किती आठवडे आहेत, एवढ्या तीन गोष्टी कागदावर लिहिल्या, की यांपैकी कोठे जायचे आणि कोठे हेलपाटा घालायचा नाही, हे बहुतांशी ठरून जाते.

सर्वांत मोठी चूक होते ती वेळेची. परीक्षा संपल्यावर मुले चार दिवस झोप काढतात, मग गावी जाऊन येतात, आणि मेच्या दुसऱ्या आठवड्यात काम शोधायला बाहेर पडतात. तोपर्यंत शिबिरांचे मदतनीस ठरलेले असतात, प्रदर्शनांच्या गाळ्यांवर माणसे उभी राहिलेली असतात, आणि सेतू केंद्रांत महाविद्यालयीन प्रवेशाच्या दाखल्यांसाठी रांगा लागू लागलेल्या असतात. चौकशी फेब्रुवारी-मार्चमध्येच करून ठेवावी. त्यासाठी अभ्यासाचे दोन शनिवार खर्ची पडले तरी बिघडत नाही.

वयाचा प्रश्न आधी

काम देणारा ओळखीचा असो वा परका, त्याने वयाचा पुरावा मागितला पाहिजे, आणि त्याने न मागितल्यास आपण सावध झाले पाहिजे. बाल व किशोरवयीन कामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम हा कायदा १९८६ चा असून २०१६ मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला कामावर ठेवता येत नाही. शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत घरच्याच, धोका नसलेल्या व्यवसायात हातभार लावणे आणि काही अटींवर कलाकार म्हणून काम करणे, एवढेच अपवाद आहेत. याचा अर्थ असा, की सातवीतला मुलगा वडिलांच्या किराणा दुकानात सुट्टीत पुड्या बांधू शकतो, पण शेजारच्या दुकानात तेच काम पगारावर करू शकत नाही. हा कायदा मोडणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षे कैद, २० ते ५० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. लहान मूल कामावर दिसल्यास १०९८ या क्रमांकावर कळवता येते.

वयाची १४ वर्षे पूर्ण झालेली आणि १८ पूर्ण न झालेली मुले कायद्याच्या भाषेत किशोरवयीन. त्यांना धोकादायक धंद्यांत व प्रक्रियांत ठेवता येत नाही. त्यामुळे अंबड-सातपूरच्या कारखान्यात ओळखीने चिकटवून देण्याचा विचार या वयात सोडून द्यावा. इतर ठिकाणी ठेवले तरी वेळेची बंधने आहेत. सलग तीन तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही व त्यानंतर किमान एक तास विश्रांती द्यावी लागते. ही विश्रांती आणि कामासाठी ताटकळण्याचा वेळ धरून दिवस सहा तासांचाच असावा लागतो. संध्याकाळी ७ ते सकाळी ८ या वेळेत काम देता येत नाही. जादा काम देता येत नाही, आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस सुट्टी द्यावीच लागते.

यांतली संध्याकाळी ७ ची मर्यादा नाशिकच्या पालकांनी विशेष ध्यानात ठेवावी, कारण अकरावी-बारावीच्या मुलांना उन्हाळ्यात सर्वांत सहज मिळणारे काम म्हणजे लॉन्सवर वाढप्याचे. मुलाने पांढरा शर्ट व काळी पँट घालून दुपारी चार-पाचला हजर व्हायचे, स्वागताच्या सरबतापासून सुरुवात करायची, आणि शेवटची पंगत उठून काउंटर आवरेपर्यंत मध्यरात्र होते. हातात रोख पैसे पडतात खरे, पण त्या वेळी औरंगाबाद रोडवरच्या लॉन्सवरून सिडकोत किंवा नाशिक रोडला परतायला सिटीलिंकची बस नसते आणि मुलगा कोणाच्या तरी दुचाकीवर तिसरा बसून येतो. सतरा वर्षांच्या मुलासाठी हे काम कायद्यात बसतच नाही. अठरा पूर्ण झालेल्यांनी ते करावे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. माझे मत विचाराल तर परतीची सोय मालकाने केली असेल तरच जावे.

शिक्षण थांबले असेल तर, आणि चालू असेल तर

बारावी, आयटीआय, पदविका किंवा पदवी पूर्ण झाली असून सध्या कोठेही प्रवेश घेतलेला नाही, अशांसाठी राज्य शासनाची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आहे. ती जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. वय १८ ते ३५ वर्षे, महाराष्ट्राचा अधिवास, आधार नोंदणी आणि आधारशी जोडलेले बँक खाते या तिच्या मूळ अटी आहेत. शासकीय व निमशासकीय कार्यालयांत किंवा खासगी आस्थापनांत प्रत्यक्ष काम करत प्रशिक्षण घ्यायचे असते आणि त्यासाठी दरमहा विद्यावेतन थेट खात्यात जमा होते : बारावी उत्तीर्णांना ६,००० रुपये, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८,००० रुपये आणि पदवीधर व पदव्युत्तर उमेदवारांना १०,००० रुपये, असे दर योजना आली तेव्हा ठरले. प्रशिक्षणाचा काळ आरंभी सहा महिन्यांचा होता. पुढे त्यात पाच महिन्यांची वाढ झाली. नोंदणी महास्वयम या शासकीय संकेतस्थळावर विनामूल्य होते आणि अडचण आल्यास जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात जावे. अर्ज भरण्यापूर्वी आपल्या पात्रतेच्या जागा त्या वेळी खुल्या आहेत का, हे संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

दोन गोष्टींचा खुलासा येथेच केलेला बरा. पहिली अशी, की शिक्षण चालू असलेला विद्यार्थी या योजनेत बसत नाही. द्वितीय वर्षाची मुले 'सुट्टीपुरते करू' म्हणून अर्ज भरतात आणि तो बाद झाला की कार्यालयाला दोष देतात. तो दोष कार्यालयाचा नसतो. दुसरी अशी, की हे प्रशिक्षण आहे, नोकरी नव्हे, आणि ते संपल्यावर त्याच कार्यालयात कायम होण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. घरच्यांना हे आधी समजावून सांगावे, म्हणजे 'महापालिकेत लागला' अशी बातमी नातेवाइकांत फिरत नाही.

नुकतीच पदवी घेतलेल्यांना ट्युलिप हा केंद्राचा कार्यक्रमही पाहता येईल. तो जून २०२० मध्ये सुरू झाला. पदवीच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागून १८ महिने उलटलेले नाहीत, अशांना नागरी स्थानिक संस्थांत आणि स्मार्ट सिटी प्रकल्पांत आठ आठवड्यांपासून एक वर्षापर्यंत इंटर्नशिप करता यावी, ही त्यामागची कल्पना आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या इंटर्नशिप संकेतस्थळावर जागा जाहीर होतात. विद्यावेतन द्यायचे की नाही व किती, हे त्या-त्या संस्थेवर असते, म्हणून जाहिरातीतील तो रकाना आधी वाचावा. स्थापत्य, नगररचना, पर्यावरण, वाणिज्य व समाजकार्य या शाखांच्या पदवीधरांना पालिकेचे काम आतून पाहण्याची यासारखी दुसरी संधी सहसा मिळत नाही. आयटीआय झालेल्यांनी मात्र आठ आठवड्यांच्या मागे न लागता १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखालील वर्षभराच्या जागा पाहाव्यात. ओझरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये अशा जागा निघतात आणि सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये त्याची माहिती मिळू शकते.

आता शिक्षण चालू असलेल्यांविषयी. नाशिकची बहुतेक पारंपरिक महाविद्यालये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि या विद्यापीठाची कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या नावाची कमवा व शिका योजना आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय किंवा आवारातील झाडे अशा कामांसाठी ताशी दराने मानधन मिळते. आपल्या महाविद्यालयाचे विद्यार्थी विकास अधिकारी हे काम पाहतात. ही योजना प्रामुख्याने सत्र चालू असताना चालते, म्हणून सुट्टीत ती चालू राहणार आहे का, हे परीक्षेचे वेळापत्रक लागण्यापूर्वीच त्यांना विचारावे. राष्ट्रीय सेवा योजनेत पैसे मिळत नाहीत. दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण करावे लागते. मी हे काम महाविद्यालयात काही वर्षे पाहिले आहे आणि अनुभव असा, की पुढे कार्यक्रमांत मानधनाचे काम मिळवणारी मुले बहुधा याच गटातून निघतात, कारण माईक बंद पडल्यावर काय करायचे हे त्यांना ठाऊक झालेले असते. १५ ते २९ वर्षे वयोगटासाठी केंद्राच्या मेरा युवा भारत या संकेतस्थळावरही स्वयंसेवेच्या संधी नोंदवलेल्या असतात.

कागद जुळवताना

बहुसंख्य अर्ज पात्रतेत अडकत नाहीत, कागदांत अडकतात. माझ्या माहितीतल्या एका मुलीची निवड झाली, ती रोज कामावर जाऊ लागली, पहिला महिना संपला, दुसरा संपला आणि खात्यात एक रुपया आला नाही. बँकेत विचारले तर 'तुमचे आधार जोडलेले आहे' असे उत्तर मिळे, आणि तेही खोटे नव्हते. खात्याला आधार क्रमांक नोंदवणे वेगळे आणि शासकीय अनुदान त्या खात्यात यावे म्हणून आधार त्या बँकेशी 'सीड' करणे वेगळे. तिने शाळेत असताना शिष्यवृत्तीसाठी दुसऱ्या बँकेत खाते उघडले होते, ते कधीचे बंद पडले होते, आणि पैसे त्याच खात्याचा पत्ता शोधत होते. आधारच्या संकेतस्थळावर आपला क्रमांक कोणत्या बँकेशी सीड आहे हे दोन मिनिटांत दिसते. अर्ज भरण्यापूर्वी ते पाहावे आणि चुकीची बँक दिसल्यास योग्य बँकेत सीडिंगचा अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी.

दुसरी अडचण मोबाइलची. आधार काढताना वडिलांचा जुना क्रमांक दिलेला असतो, तो आता भलत्याच कोणाकडे असतो, आणि ओटीपी तिकडे जातो. तिसरी अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, एकावर वडिलांचे पूर्ण नाव आणि दुसऱ्यावर नुसते आद्याक्षर, असे फरक आपल्याकडे सर्रास असतात. क्रमातला फरक चालून जातो, पण अक्षरांतला चालत नाही. वयाच्या १५ व्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते राहिले असतील तर अंगठ्याची पडताळणी फसते. ही सारी दुरुस्ती आधार केंद्रावर एकाच फेरीत होऊ शकते, मात्र वेळ आधी घेऊन जावे.

अधिवास दाखला आपले सरकार या संकेतस्थळावरून किंवा सेतू केंद्रातून काढता येतो. शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका, वीजबिल आणि राज्यातील वास्तव्याचा पुरावा लागतो. एप्रिलमध्ये अर्ज केल्यास तो निवांत मिळतो. जूनमध्ये तोच दाखला मिळवताना घरातले कोणीतरी रजा टाकून बसते. सर्व कागदांच्या छायाप्रती एका जाड पाकिटात आणि छायाचित्रे मोबाइलमध्ये ठेवावीत, परंतु मूळ गुणपत्रिका कोणाकडेही 'जमा' करू नये. काम देण्यासाठी नोंदणी शुल्क, गणवेशाची अनामत किंवा फाइलचे पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो. 'महापालिकेत भरती, आजच फॉर्म भरा' असे व्हॉट्सॲपवरचे संदेश महापालिकेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पडताळल्याशिवाय पुढे पाठवू नयेत.

उत्सव, व्याख्याने आणि शिबिरे

शासकीय योजनांचे दार बंद दिसले, तरी हंगाम मोठा असतो. रामनवमीला काळाराम मंदिरात गर्दी होते, त्यानंतर कामदा एकादशीला रामरथ व गरुडरथ निघतात. ११ एप्रिलला महात्मा फुले आणि १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती, मग महाराष्ट्र दिन, बुद्ध पौर्णिमा, आणि मे महिन्यात गोदाकाठी यशवंतराव महाराज पटांगणावर रोज संध्याकाळी भरणारी वसंत व्याख्यानमाला. यांखेरीज गंगापूर रोडवरील डोंगरे वसतिगृह मैदानासारख्या ठिकाणी भरणारी प्रदर्शने, आंबा विक्रीचे महोत्सव, सोसायट्यांची संस्कार शिबिरे आणि मैदानावरचे क्रीडा वर्ग असतात.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा. रथ ओढणे हा तालमींचा व ठरलेल्या मंडळींचा मान आहे. तेथे मानधनाची भाषा करणे शोभत नाही आणि कोणी केलीच तर हसू होते. त्याच मिरवणुकीसाठी लागणारे मंडप, ध्वनी, प्रकाश, फुले, छायाचित्रण आणि पाण्याचे जार यांचे काम मात्र व्यावसायिक लोक करतात, त्यांना त्या दिवसांत माणसे लागतात आणि ते पैसे देतात. म्हणून सेवा कोठे करायची आणि काम कोठे मागायचे, हे वेगळे ठेवावे. सेवा करताना आयोजक समितीच्या सचिवांना भेटावे. काम मागताना पुरवठादाराला भेटावे.

कोणते काम आपल्याला जमेल, याचा विचार शांतपणे करावा. बोलके असाल तर प्रदर्शनातील गाळा किंवा नोंदणीचे टेबल. अक्षर चांगले असेल तर फलक आणि प्रमाणपत्रे. मराठी टंकलेखन येत असेल तर वाचनालये व संस्थांच्या जुन्या नोंदी संगणकावर चढवण्याचे काम, जे कंटाळवाणे असते आणि म्हणूनच सहज मिळते. १८४० मध्ये स्थापन झालेल्या सार्वजनिक वाचनालयापासून उपनगरांतल्या छोट्या वाचनालयांपर्यंत शहरात अशा संस्था पुष्कळ आहेत. प्रत्येकीकडे काम असेलच असे नाही, पण ग्रंथपालांना भेटून एक पानी अर्ज देऊन येण्यास काही अडत नाही. जलतरण तलावावर जीवरक्षक म्हणून उभे राहायचे असेल तर त्याचे प्रशिक्षण व प्रमाणपत्र हवे. 'पोहता येते' एवढे पुरत नाही. शिबिरात लहान मुलांना सांभाळण्याचे काम सोपे वाटते, प्रत्यक्षात ते सर्वांत दमवणारे असते. वीस मुलांमागे दोन मदतनीस असतील तरच ते पत्करावे.

आणि कोणतेही काम पत्करले, की त्याच संध्याकाळी ते लेखी करावे. आमच्या एका विद्यार्थ्याने एका प्रदर्शनात अकरा दिवस काम केले. आयोजकाने हातावर आठ दिवसांचे पैसे ठेवले, कारण मांडणीचे दोन व आवराआवरीचा एक दिवस 'धरायचा नसतो' असे त्याचे म्हणणे पडले. ठरलेले सगळे तोंडी होते, त्यामुळे मुलाला काही बोलता आले नाही. करारपत्र मागणे अशा कामात अवघड जाते, हे मान्य. परंतु व्हॉट्सॲपवर पुढीलप्रमाणे चार ओळी पाठवण्यास कोणी हरकत घेत नाही :

'नमस्कार. आज बोलणे झाल्याप्रमाणे मी दि. ४ मे ते १८ मे या काळात, मांडणी व आवराआवरीचे दिवस धरून, रोज सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळेत नोंदणीच्या टेबलावर काम करणार आहे. दिवसाचे मानधन ... रुपये असून ते दि. १८ रोजी काम संपताच मिळेल. दुपारचे जेवण आपल्याकडून आहे. यात काही फरक असल्यास कृपया कळवावे.'

समोरून आलेला नुसता 'ओके' हाही पुरावा असतो. त्याखेरीज खिशातल्या छोट्या वहीत येण्या-जाण्याची वेळ रोज लिहावी. मुलींनी आणि त्यांच्या घरच्यांनी कामाची जागा एकदा दिवसा पाहून यावी, तेथे जबाबदार महिला समन्वयक कोण आहे हे विचारावे, आणि प्रसंग आलाच तर ११२ हा क्रमांक वापरण्यास संकोच करू नये. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीपर्यंत जातो; दुपारी १२ ते ४ उघड्यावर उभे राहण्याचे काम असेल तर सावली, पाणी आणि आळीपाळीने विश्रांती मिळणार का, हे पैशांच्या आधी विचारावे.

कार्यक्रम आपणच घेणार असाल तर

काम शोधण्याऐवजी कॉलनीतल्या चार-पाच मुलांनी मिळून लहान मुलांचे आठ दिवसांचे शिबिर घेतले, तर शुल्कातून खर्च भागून थोडे हातातही राहते. जागा महापालिकेच्या उद्यानातील किंवा मैदानातील असेल, तर आपल्या भागाच्या विभागीय कार्यालयात अर्ज द्यावा. नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, नवीन नाशिक आणि सातपूर असे सहा विभाग आहेत. आपला प्रभाग कोणत्या विभागात येतो हे घरपट्टीच्या बिलावरून कळते. अर्जात दिनांक, वेळ, मुलांची अंदाजे संख्या, जबाबदार प्रौढ व्यक्तीचे नाव आणि स्वच्छतेची हमी लिहावी. अर्जदार १८ वर्षांवरील असावा. वडीलधाऱ्या माणसाने नुसती सही न करता रोज तासभर तेथे बसावे.

ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर पोलीस ठाण्याची परवानगी वेगळी लागते. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो लावता येत नाही, आणि निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल आहे. रस्त्यावर मंडप घालणार असाल तर त्याचीही परवानगी हवी आणि विजेसाठी शेजाऱ्याच्या घरातून वायर ओढण्याऐवजी महावितरणची तात्पुरती जोडणी घ्यावी. वर्गणीच्या बाबतीत तरुण मंडळे फार बेफिकीर असतात. नोंदणी नसलेल्या मंडळाला धार्मिक किंवा धर्मादाय कारणासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे असतील, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते. पावतीपुस्तक छापले म्हणजे परवानगी मिळाली, असे होत नाही. खाऊसाठी थर्माकोलच्या ताटल्या आणू नयेत, राज्यात त्यांवर २०१८ पासून बंदी आहे. आणि ओला-सुका कचरा वेगळा करून सकाळच्या घंटागाडीत द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षी तीच जागा मागायला तोंड राहते.

सिंहस्थाची तयारी

येत्या काळात नाशिकच्या तरुणांपुढे सर्वांत मोठा सार्वजनिक कार्यक्रम आहे तो सिंहस्थ कुंभमेळा. जाहीर झालेल्या वेळापत्रकानुसार ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी असून २०२७ मधील अमृतस्नाने २ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि त्यानंतर नाशिकला ११ व त्र्यंबकेश्वरला १२ सप्टेंबर अशी आहेत. हे दिवस सुट्टीत येत नाहीत. परंतु त्यासाठी लागणारी कौशल्ये सुट्टीतच शिकता येतात. प्रथमोपचार, गर्दीत माणसे एका दिशेने हलवणे, हरवलेल्या व्यक्तीची नोंद घेणे, आणि हिंदीत न चिडता रस्ता सांगणे, ही ती कौशल्ये. २००३ च्या सिंहस्थात २७ ऑगस्टला पंचवटीतील सरदार चौकात चेंगराचेंगरी होऊन ३९ भाविकांचा मृत्यू झाला होता; उतार, अरुंद गल्ली आणि मागून येणारा रेटा यांचा तेथे मेळ झाला, की काय होते हे जुन्या नाशिककरांना विसरता येत नाही. म्हणून अशा ठिकाणी केवळ उत्साह घेऊन उभे राहू नये. १८ पूर्ण झालेल्यांनी प्रथमोपचाराचा मान्यताप्राप्त वर्ग आधी पूर्ण करावा, नंतर महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजना किंवा छात्रसेना पथकामार्फत नाव द्यावे. एकट्याने येऊन गळ्यात ओळखपत्र अडकवणाऱ्या स्वयंसेवकाचा पोलिसांना उपयोगापेक्षा व्यापच अधिक होतो. रामकुंडापासून तपोवनापर्यंतचा गोदाघाट, गाडगे महाराज पूल आणि पंचवटीतल्या गल्ल्या पायी पालथ्या घालाव्यात. बुधवारी बाजार भरलेला असताना एकदा जावे, म्हणजे गर्दीत कोठे अडते हे नकाशापेक्षा चांगले कळते.

काम कोणतेही असो, संपण्याच्या दोन दिवस आधी अनुभव प्रमाणपत्राचा मजकूर स्वतःच तयार करून न्यावा. त्यात पूर्ण नाव गुणपत्रिकेप्रमाणे, कामाचा आरंभ व शेवट, एकूण तास, आणि 'विविध कामे केली' असे न लिहिता नेमके काम असावे : 'दररोज सुमारे दीडशे अभ्यागतांची नोंद केली व तीन मदतनिसांच्या पाळ्या लावल्या' अशा वाक्याला मुलाखतीत प्रश्न विचारला जातो आणि त्याचे उत्तर देता येते. आकडा अर्थातच वहीतला, खरा असावा. संस्थेच्या शीर्षपत्रावर सही, हुद्दा, शिक्का आणि दिनांक घ्यावा. शिबिरांची कार्यालये सुट्टी संपताच बंद होतात आणि प्रदर्शनाचे आयोजक दुसऱ्या शहरात निघून जातात. शाळा जूनच्या मध्याला उघडतात, तेव्हा त्याआधीचा एक शनिवार या कागदासाठी मोकळा ठेवावा आणि जाताना सोबत निळ्या शाईचे पेन व दोन प्रती न्याव्यात.